सूर्यास्ताआधी जेवणारा हेर

राजारामपुरीतल्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी वाचकांचा मेळा भरतो. एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, असा साधा बेत. कोल्हापुरात साधा बेत फार वेळ साधा राहत नाही. पुस्तक आवडलं तर लेखकाला डोक्यावर घेऊन नाचतात आणि नावडलं तर त्याची अशी सालटी काढतात, की तो समोर नसतो हे त्याचं नशीब. त्या रविवारी मात्र लेखक समोर होता. खरं तर होती, आणि सूत्रसंचालनाचा माईकही तिच्याच हातात होता.

रोहिणी मगदूमनं हे पुस्तक टाळायचा आपल्या परीनं प्रयत्न केला होता. मागच्या बैठकीत तिनं दुसरी दोन-तीन नावं सुचवून पाहिली, पण कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. सगळीकडे एकच कादंबरी फिरत होती, ‘सतरावा पासपोर्ट’, लेखक विश्वजित सरनोबत. हेर, पाठलाग, स्फोट आणि दर दहा पानांना एक मुडदा. हे सरनोबत कोण, कुठले, काही पत्ता नव्हता. पुण्याच्या प्रकाशकानं मागच्या पानावर फोटोऐवजी हॅट घातलेल्या माणसाची सावली छापली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘सुरक्षेच्या कारणास्तव लेखकाची ओळख देता येत नाही.’

सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं. फक्त त्यात देशाचा काही संबंध नव्हता. प्रश्न एका दाराचा होता.

मगदुमांच्या घरात दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नाही. वाईट हेतू कुणाचाच नाही. सासूबाई, म्हणजे अव्वा, भाजी निवडता निवडता या खोलीतून त्या खोलीत बोलत जातात. नवरा वृषभ याचं मोटरपंपाचं दुकान आहे. तो दुपारी जेवायला आला की घरभर हिंडत फोनवर बोलतो. सासरे पार्श्वनाथआण्णा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ते पोथी वाचताना मध्येच हाक मारतात आणि अर्थ समजावून सांगतात. माया अशी, की अंग चोरायला जागा नाही. लग्न होऊन आल्यापासून रोहिणीला त्या घरात कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि एकटंही सोडलं नव्हतं. एका क्लासमध्ये ती शिकवायला लागली तेव्हा तिनं जाहीर केलं, की परीक्षेचे पेपर गुप्त असतात, ते दार लावूनच तपासावे लागतात. घरानं मान्य केलं. तेव्हापासून दुपारी दोन ते पाच माडीवरची खोली आतून बंद व्हायची. त्या तीन तासांत पेपर थोडे तपासून व्हायचे आणि माणसं पुष्कळ मारली जायची.

आणि मारायची कुठं, तर आण्णांच्या डोक्यावर. आण्णांनी मुनिमहाराजांपुढे श्रावकाची, म्हणजे गृहस्थाची, व्रतं घेतलेली. डास मारायची विजेची बॅट त्यांनी घरात येऊ दिली नव्हती. खोटं बोलायचं नाही म्हणून भाजीवालीलासुद्धा ते ‘उद्या घेतो’ असं म्हणत नसत, ‘घ्यावं वाटलं तर घेतो’ म्हणत. ही कादंबरी आपल्या सुनेची आहे हे त्यांना कळलं, तर ते रागावणार नाहीत हे रोहिणीला ठाऊक होतं. ते दार उघडायला सांगतील. तेवढं पुरेसं होतं.

आण्णा वाचनालयाचे उपाध्यक्ष, त्यामुळे पहिल्या रांगेत होते. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं. दर महिन्याचं पुस्तक वाचायचं हाही एक नेमच होता, आणि नेम ते मोडत नसत. सांगलीहून येणारे वक्ते ऐनवेळी आले नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली शाल, नारळ आणि फेटा टेबलावर तसाच पडून होता. मग कार्यवाह उदयसिंह म्हणाले, चला, वाचकांपासूनच सुरू करू.

पहिले हंबीरराव उठले. त्यांची मटणाची खानावळ, अंग पैलवानाचं आणि आवाजाला माईक लागत नाही.

“पुस्तक म्हंजे नाद खुळा हाय. पळतंय नुसतं. चहा गार झाला, गिऱ्हाईक ताटावर बसून ऱ्हायलं, पर मी खाली ठेवलं न्हाय. एकच खटकलं. त्यो गडी त्या तळघरात सापडतोय, आन मग चाळीस पानं नुसता बसून हाय. भिंतीकडं बघतोय, बाहेरची पावलं मोजतोय, कोण येतंय, कोण जातंय. अरं, दार फोड की. ती चाळीस पानं मी सरळ सोडून दिली.”

सभागृह हसलं. रोहिणीही माईकमध्ये हसली. अख्ख्या पुस्तकात तिला मनापासून आवडलेली तेवढीच चाळीस पानं होती. तीस-पस्तीस मुडदे तिनं इंटरनेटवर शोधून उभे केले होते, तळघर मात्र कुठं शोधावं लागलं नव्हतं. हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं? “धन्यवाद, हंबीरराव,” ती म्हणाली.

मग डॉक्टर अनुजा. चौकातल्या दातांच्या दवाखान्यातल्या. “वेग उत्तम आहे, वादच नाही. पण बायकांचं काय? साडेतीनशे पानांत एक बाई येते, पिस्तूल काढते आणि मरते. बाई कशाला घाबरते, कशाला विटते, तिला काय हवं असतं, यातलं या गृहस्थांना ओ की ठो कळत नाही. पुरुषांनी बायका लिहूच नयेत खरं म्हणजे.”

रोहिणीची कानशिलं तापली. त्या बाईवर तिनं सहा प्रकरणं लिहिली होती. प्रकाशकानं वेग मंदावतो म्हणून कापायला लावली, आणि ती मुकाट्यानं कापून मोकळी झाली होती. आता भांडायची सोय नव्हती. स्वतःच्या पुस्तकाची बाजू घ्यायची म्हणजे पायाखालचा स्टूल स्वतःच ओढायचा. “महत्त्वाचा मुद्दा,” ती म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

“मानूस लष्करातला,” उदयसिंहांनी निकाल दिला. “शंभर टक्के. बंदुकीचं वर्णन बघा की.”

बरोबर साडेचारला चहा ठेवला होता. आणखी दोघं-तिघं बोलले की सुटलो, असा तिनं मनाशी हिशोब केला, आणि तेवढ्यात हंबीरराव पुन्हा उठले.

“एक इचारायचं ऱ्हायलं. माझा धंदा खानावळीचा, म्हणून ध्यानात आलं. ह्यो गडी रात्री का जेवत न्हाय?”

“म्हणजे?” अनुजा म्हणाल्या.

“अवो, बघा की. सगळ्या जगभर हिंडतोय, पर रात्रीचं एक ताट न्हाय. दिस मावळायच्या आत जेवून मोकळा. आन खातोय काय, तर भात, वरण, पाव, चीज. कांदा न्हाय, लसूण न्हाय. रशियात जाऊन बटाट्याला शिवला न्हाय पठ्ठ्या. आन पाणी? दुश्मनाच्या घरात शिरलाय, मागं कुत्री सोडल्यात, तरी नळाचं पाणी रुमालातनं गाळून पितोय. मला वाटलं इषाची भीती.”

पानं फडफडायला लागली. अनुजांनी चष्मा वर सारला. “इस्तंबूल, सहाच्या आत. व्हिएन्ना, पाच.” मग त्या थांबल्या. “मॉस्को, डिसेंबर महिना. दुपारी साडेतीनला रात्रीचं जेवण.”

मागून कुणीतरी मोबाइल काढला. “तितं डिसेंबरात चारच्या सुमारास दिस मावळतोय,” तो म्हणाला.

मॉस्कोत सूर्य कधी मावळतो हे रोहिणीनंच शोधलं होतं, पाठलाग अंधारात हवा होता म्हणून. त्याआधी त्या बिचाऱ्या हेराला जेवायला घालणं तिच्या हातानं परस्पर केलं होतं. माहेरी तेच, सासरी तेच. जन्मात तिनं दिवेलागणीनंतर ताट वाढलेलं नव्हतं. सतरा पासपोर्ट बदलणारा, दाढ्या लावणारा, सहा भाषा बोलणारा माणूस तिनं उभा केला आणि त्याचं पोट मात्र मगदुमांच्या स्वयंपाकघरातलं ठेवलं. संपादकाच्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण संपादक पुण्याचे आणि त्यांना वाटलं हेर पथ्यावर आहे.

“म्हंजे लेखक जैन हाय,” उदयसिंह सावकाश म्हणाले.

सभागृहात जैन मंडळी पुष्कळ होती. पण माना एकाच दिशेला वळल्या. पोस्टात असताना पार्श्वनाथआण्णा काही वर्षं लष्कराच्या टपालखात्यात होते, सीमेवर राहून आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गप्प माणूस, वाचन दांडगं. घरी वेळच वेळ. एकेक गोष्ट जुळत गेली आणि सभागृहाला स्वतःच्या हुशारीचा इतका आनंद झाला, की आता ते मागं हटणं शक्य नव्हतं.

“आण्णा,” हंबीरराव पुढं येऊन कमरेत वाकले, “तुमी खोटं बोलत न्हाय, हे अख्ख्या पेठेला म्हाईत हाय. एकदा सांगून टाका. कुणी लिवलंय हे?”

आण्णांनी मान वर केली. त्यांच्या ओठांवर ‘मी नाही’ आलेलं रोहिणीला स्पष्ट दिसलं. मग त्यांची नजर सहज तिच्याकडं गेली. तिनं माईक दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता. आण्णा तिच्याकडं बघत राहिले. पोस्टात आयुष्य घालवलेला माणूस. बंद पाकिटावरून आत आनंदाची बातमी आहे की दुःखाची, हे ओळखायची सवय असलेला. ते हळूच ताठ बसले, डोळे मिटले, हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“मौन घेतलं,” कुणीतरी कुजबुजलं.

आण्णा मधूनमधून मौन घेत. एकदा घेतलं की दुसऱ्या दिवशी देवळात दर्शन झाल्याशिवाय तोंड उघडत नसत. पण हे असं भर सभेत, प्रश्नाच्या तोंडावर घेतलेलं मौन म्हणजे सभागृहाच्या दृष्टीनं कबुलीच होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. रोहिणीला मात्र उशिरा उमगलं. ते ‘मी नाही’ म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग घरात कोण? आणि त्याचं खोटं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि किल्ली उद्या सकाळपर्यंत त्यांच्याकडेही नव्हती.

“मॅडम, घोषणा करा की,” उदयसिंह तिला म्हणाले. “घरचाच मान हाय.”

तिनं घोषणा केली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. डास न मारणाऱ्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर शाल पडली, डोक्याला फेटा बांधला गेला, हातात नारळ आला. एरवी ज्यांनी त्यांना पोथीवरचे प्रश्न विचारले असते, ते आता विचारत होते की गळा आवळल्यावर माणूस खरंच इतक्या लवकर मरतो का. आण्णा डोळे मिटून बसून होते. फेट्याखाली त्यांच्या कपाळाला घाम आला होता. या सगळ्यात आपल्यावर आता कुणाचा संशय येणार नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि क्षणभर तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला लगेच किळस आली.

मग डॉक्टर अनुजा पुस्तक उघडून पुढं आल्या. “आण्णा, मी टीका केली खरी, पण सही हवी. पहिली मला.” त्यांनी पेन आण्णांच्या बोटांत दिलं. पानावर छापलेलं होतं, विश्वजित सरनोबत.

आण्णांनी डोळे उघडले. पेन कागदाजवळ नेलं आणि ते तिथंच थांबलं. रोज संध्याकाळी ते दिवसभराच्या दोषांची उजळणी मोठ्यानं करत, आणि ती रोहिणीला स्वयंपाकघरात ऐकू येई. खोटं बोललो असेन, कुणाचं गुपित फोडलं असेल, खोटं लिहिलं असेल, तर ते दूर होवो. एक दोष चुकवायला त्यांनी तोंड मिटलं होतं, आता दुसरा समोर उघडा पडला होता. पेन अजून अधांतरीच होतं. सगळ्यांना वाटलं, वय झालं.

रोहिणीनं माईक टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरून ती खाली आली, सासऱ्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि अनुजांच्या पुस्तकावर वळणदार सही केली. विश्वजित सरनोबत.

“पुस्तक माझं आहे,” ती म्हणाली. “आण्णांचा त्यात काही दोष नाही.”

बाहेर चाललेलं रिक्षावाल्यांचं भांडण सभागृहात शब्द न शब्द ऐकू आलं. अनुजांनी सहीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्यांना बहुधा स्वतःचं भाषण आठवलं. शेवटी हंबीरराव बोलले. “वैनी, एवढी माणसं तुमी मारलासा? आन आमास्नी वाटलं, तुमी पेपर तपासतासा.”

बातमी तिच्याआधी घरी पोचली. अव्वा दारातच उभ्या होत्या. वृषभ दुकान बंद करून आला होता. त्यानं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणलं होतं आणि उभ्या उभ्या चाळत होता. कुणी रागावलं नाही. अव्वांनी एवढंच विचारलं, की बाई, तुला आमच्यात काही कमी पडलं का गं. ती पाटपाणी करायला आत गेली. आण्णा फेटा उतरवून पाटावर बसले, वेळेत जेवले आणि एक अक्षर न बोलता आपल्या खोलीत गेले. घर त्यांच्या शब्दावर चालायचं, आणि शब्द उद्यावर गेला होता. रोहिणीनं भांडी आवरली. दुपारच्या बंद दाराचा आपण शेवट करून आलो, हे तिला कळत होतं, फक्त तो कोणत्या शब्दांत होणार एवढंच बाकी होतं.

सकाळी आण्णा देवळातून आले, पाय धुतले आणि तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत समोर उभी राहिली.

“ती मारामारी मला पटली न्हाय,” ते म्हणाले. “मनानं मारलं तरी मारलंच. त्येचं आपण सावकाश बोलू. पण ते तळघर हाय न्हवं, ती पानं मी दोनदा वाचली. गड्याला कुणी मारत न्हाय, कुणी शिव्या देत न्हाय, वेळेवर जेवण मिळतंय, तरी त्येचा जीव गुदमरतोय. इतकं खरं कुठनं आणलंस गं?”

रोहिणी खाली बघत राहिली. डोळे भरून आले ते तिनं लपवलं नाही. त्यांनी ती पानं वाचली होती, पुन्हा वाचली होती, त्यांना ती कळली होती आणि तरीही कळली नव्हती.

“लिहायचं सोडू नको,” आण्णा म्हणाले. “देवळात आज चौघांसमोर सांगून आलो, माझी सून लिहिते. आता चोरून लिहायचं कारण न्हाय. दार लावायचं कारण न्हाय. आमी समदे हाय की तुज्या पाठीशी.”

दुपारी दोनला ते खरोखरच पाठीशी आले. आण्णांनी आपली वेताची खुर्ची माडीवर आणवली आणि तिच्या मागं ठेवून पोथी उघडली. अव्वा भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आल्या, “मी बसतो इथंच, आवाज करत न्हाय,” म्हणाल्या आणि शेंगा फोडू लागल्या. वृषभ जेवून वर आला आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाला, की पुढच्या भागात एखादा पंप घाल, बुडवून मारायला बरा पडेल, आणि आण्णांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. दार सताड उघडं होतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की तिला तो बघवेना.

तिनं लॅपटॉप उघडला. दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य तिच्या मनात महिनाभर तयार होतं. बोटं टेकवली आणि ते वाक्य गेलं. शेंग फुटली. पोथीचं पान उलटलं. “काय, सुचतंय का?” आण्णांनी मायेनं विचारलं. “घाई करू नको. आमी हाय.” तिनं एक शब्द लिहिला, तो पुसला. काल भर सभेत सगळ्यांसमोर सही करताना तिचा हात अडला नव्हता. आता एका शब्दावर अडत होता.

ती उठली, वळली आणि सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्याशी इतक्या वर्षांत तिनं ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडं फारसं काही बोललेलं नव्हतं.

“आण्णा, तुम्ही विचारलंत ना, ते तळघर कुठनं आणलं?” ती म्हणाली. “हितनंच आणलं.”

अव्वांच्या हातातली शेंग तशीच राहिली. आण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग खोलीकडं, मग स्वतःच्या खुर्चीकडं. मग पोथी मिटून काखेत मारली आणि सावकाश उठले. वृषभ उंबऱ्यातून बाजूला झाला. अव्वांनी सूप उचललं.

“दार ओढून घेतो,” आण्णा म्हणाले.

“घ्या,” रोहिणी म्हणाली. “पण बाहेरनं.”